ळ नसलेली संहिता

“ळ,” मी म्हटलं.

“ल,” रामधनी म्हणाला.

“जीभ मागे न्या. उलटी करा. टाळूला लावा आणि सोडा. ळ.”

त्यानं डोळे मिटले, मान वर केली. घशाची घाटी खाली-वर झाली. मला वाटलं, आता येणार.

“ल,” तो म्हणाला आणि माझ्याकडे मोठ्या आशेनं बघायला लागला.

जेवणाची सुट्टी होती. तपासणी विभागाच्या मागे, नापास क्रँकशाफ्टच्या ढिगाशेजारी आम्ही दोन स्टुलं टाकून बसलो होतो. माझा डबा गार झाला होता आणि डोकं तापलं होतं.

“रामधनी, माझं आडनाव काय?”

“पिंगले.”

“पिंगळे!”

“तेच तर म्हणतो मी. पिंगले मॅडम.”

ही गोष्ट शहाण्णव सालची, सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतली. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते. हातात गेज घेऊन दिवसभर लोखंडाचे तुकडे मोजायचे, हे माझं काम. गेज बसलं तर पास. नाही बसलं तर तुकड्यावर लाल पेन्सिलीनं रेघ. स्वभावही हळूहळू तसाच झाला होता. आई म्हणायची, हिला मुलगा बघायला पाठवू नका, गेज घेऊन जाईल.

रामधनी निषाद आमच्या कारखान्यात मोठ्या घणावर होता. उत्तर प्रदेशातल्या बलियाकडचा, घाघरा नदीच्या काठचा. चौदा वर्षं नाशकात काढलेली. घणाच्या आवाजात आयुष्य गेलेलं, त्यामुळे साधं ‘चहा घेणार का’ विचारलं तरी तीन शेडपलीकडे ऐकू जायचं. आणि हा माणूस त्या वर्षीच्या कामगार नाट्यस्पर्धेत, मी लिहिलेल्या पहिल्या नाटकात, मराठी म्हातारा होणार होता.

हा उद्योग मीच करून ठेवला होता. नाटक धरणात जाणाऱ्या गावातल्या एका म्हाताऱ्याचं. सगळं गाव उठलंय, हा एकटा हलत नाही. पहिलं वाचन मी कँटीनमध्ये केलं. शेवटी म्हातारा उंबऱ्यावर बसून रडतो, असं लिहिलं होतं. शकिलानं डोळ्याला पदर लावला. ती पॅकिंगमध्ये होती, मालेगावची, आणि तिला म्हाताऱ्याच्या सुनेचं काम दिलं होतं. मी मनातून खूश झाले. तेवढ्यात चहाच्या काउंटरवरून घणाच्या आवाजात कुणीतरी म्हणालं, “बसणार नाही तो.”

“कोण?”

“म्हातारा. घर जाणार आहे ना त्याचा? तो बसणार नाही. काम करील.” रामधनी कप घेऊन पुढे आला. “आमचा घर नदी घेऊन गेली. रोज हातभर जमीन तुटायची. बाप त्या दिवशी बाजारात गेला, नवी कडी आणला, दरवाज्याला लावला. पूर्ण दुपार घासून घासून बसवला. दोन दिवसांनी दरवाजा गेला, कडी गेली, सगला गेला.”

“मग कडी कशाला लावली?” लेथवरच्या आव्हाडनं विचारलं.

“दरवाजा नीट लागत नव्हता ना.”

मी त्या रात्री शेवट फाडला. म्हातारा आता उंबऱ्यावर बसत नव्हता. तो सबंध नाटकभर दाराला कडी बसवत होता आणि कडी बसवता बसवताच सगळ्यांशी बोलत होता. नाटकाचं नाव ‘कडी’ ठेवलं आणि काम रामधनीला दिलं. याचा सर्वांत जास्त राग सुदाम आव्हाडला आला. आव्हाड आमचा टर्नर, सिन्नरकडचा, आणि कारखान्यातला एकमेव माणूस जो स्वतःला नट म्हणवून घ्यायचा. त्याला मी म्हाताऱ्याला उठवायला आलेल्या साहेबाचं काम दिलं.

“मॅडम, भैयाला म्हातारा आन् मला साहेब?” तो म्हणाला. मग जरा थांबून, ओठ नीट लावून त्यानं दुरुस्ती केली, “आणि मला साहेब?”

या दुरुस्तीला कारण होतं. आदल्या वर्षी आव्हाडनं प्राध्यापकाचं काम केलं होतं आणि भर रंगमंचावर ‘पानी आन कोनीतरी’ असं म्हणाला होता. परीक्षकांनी शेरा दिला होता, ‘उच्चारांकडे लक्ष द्यावे’. तो शेरा आमच्या कार्मिक अधिकाऱ्यांनी, देवस्थळीसाहेबांनी, टाइप करून सूचनाफलकावर लावला. साहेब कला मंडळाचे अध्यक्षही होते आणि कॉलेजात वक्तृत्वाची बक्षिसं मिळवलेले होते. त्यांच्या शर्टाच्या इस्त्रीला आणि त्यांच्या ‘ण’ला बोट लावायची सोय नव्हती. तो कागद महिनाभर फलकावर होता. आव्हाड त्या महिन्यात लांबच्या दारानं ये-जा करायचा. पुढे वर्षभर लेथवर उभं राहून त्यानं ‘पाणी, लोणी, कोणी’ घोकलं आणि ण कमावला.

तर रामधनीचा ळ. नवव्या दिवशी तो आला. दुपारी तपासणी विभागात घामाघूम रामधनी धावत शिरला आणि ओरडला, “आला! मॅडम, आला! ळ! ळ! ळ!” दहा-बाराजणी माना वर करून बघायला लागल्या. मी गेज ठेवून टाळ्या वाजवल्या. माझा हा आनंद संध्याकाळच्या तालमीपर्यंत टिकला.

त्या तालमीला नेमके देवस्थळीसाहेब आले. खुर्ची पुसून बसले. पहिलंच वाक्य म्हाताऱ्याचं होतं. ‘काल साहेब आला होता. गाल फुगवून बोलला आणि गेला.’

रामधनीनं छाती भरून घेतली.

“काळ साहेब आळा होता. गाळ फुगवून बोळळा आणि गेळा.”

आव्हाड अक्षरशः जमिनीवर बसला. “गाळ फुगवला म्हंजे धरण भरलंच की राव! आता काय नाटक करायचं?” शकिला तोंडात पदर कोंबून भिंतीकडे वळली. मलाही हसू आलं, खोटं कशाला सांगू. रामधनी मात्र आमच्याकडे आळीपाळीनं बघत होता. त्याला ळ यायला लागला होता. कुठे म्हणायचा आणि कुठे नाही, एवढंच कळत नव्हतं.

देवस्थळीसाहेब हसले नाहीत.

“पिंगळेबाई, माणूस बदला.”

“दहा दिवसांवर प्रयोग आहे, सर.”

“म्हणूनच आज सांगतोय. मराठी नाटकाची स्पर्धा आहे. त्यात निदान मराठी तरी धड यायला हवं, ही काही फार मोठी अपेक्षा नाही. आव्हाडला द्या काम. तो बराच सुधारलाय.”

आव्हाडचं हसणं बंद झालं. त्याला हवं होतं ते काम समोर आलं होतं आणि तरी तो जमिनीवरून उठून नुसती पँट झटकत राहिला.

“त्यांच्यासारखं हे काम कुणी करणार नाही,” मी म्हटलं. “तुम्ही एकदा पूर्ण बघा तरी.”

“ऐकलं तेवढं पुरे झालं.”

रामधनी हातात कडी घेऊन उभा होता. तो म्हणाला, “साहेब, जीभ लोखंडाची असती ना, तापवून वाकवली असती.”

साहेबांनी त्याच्याकडे न बघता मलाच सांगितलं, “नाहीतर मी प्रवेशिका मागे घेतो.”

माझ्या नाकावरचा राग तोपर्यंत डोक्यात गेला होता. “यांच्या तोंडी प्रयोगात एकही चुकीचा ळ आला नाही तर?”

“कसा येणार नाही?”

“ते माझ्यावर सोडा.”

साहेबांनी थोडा विचार केला. “ठीक आहे. एकही चुकीचा ळ नको. एक जरी ऐकू आला, तर पुढच्या वर्षीपासून कंपनीचं नाटक बंद. माझा शब्द म्हणजे शब्द, माहीत आहे ना?”

माहीत होतं. म्हणून तर घरी जाताना बसमध्येच मी संहितेतले ळ मोजायला लागले. सगळा पैजेचा थाट मी मांडला होता आणि जाणार होतं ते रामधनीचं काम आणि सगळ्यांचं नाटक.

मी तीन दिवस रजा टाकली आणि म्हाताऱ्याची सबंध भूमिका ळ काढून टाकून नव्यानं लिहिली. सांगायला सोपं आहे. ‘सकाळ’ गेली, तिथं ‘पहाट’ आणली. ‘डोळ्यां’ची ‘नजर’ केली. ‘वेळ’ची ‘घटका’, ‘जवळ’चं ‘पाशी’, ‘सगळं’चं ‘सारं’. ‘बाभळी’च्या जागी चिंच लावली. ‘आभाळ’ काढताना मात्र हात चालेना. शेतकरी म्हातारा आणि आभाळाचं नावसुद्धा काढायचं नाही? शेवटी त्याला नुसतं वर बघायला लावलं. तालमीत ते इतकं चांगलं झालं, की शब्द असता तर वाईट दिसला असता.

“आता ळ विसरून जा,” मी रामधनीला सांगितलं. “ते अक्षर तुम्ही कधी शिकलाच नाहीत.”

“इतक्या मेहनतीनं शिकला, मॅडम.”

“विसरा!”

“ताई,” शकिला म्हणाली, “माझ्या मराठीला बरं कुणी काही बोलत नाही.”

“तुला नुसतं रडायचंय,” आव्हाड म्हणाला. “रडण्यात कुठं आलाय ळ?”

एकच शब्द अडला. नाटकाच्या शेवटाकडे साहेब म्हाताऱ्याला विचारतो, ‘सरकार पक्कं घर देतंय. या पडक्या भिंतींत तुमचं आहे तरी काय?’ त्यावर म्हातारा म्हणतो, ‘लळा आहे, साहेब.’ सबंध नाटक मी त्या वाक्यासाठी लिहिलं होतं. पण त्या शब्दात ल आणि ळ शेजारी-शेजारी बसलेले. लळा, लला, ळला, ळळा. चारही प्रकार मी रामधनीच्या तोंडून ऐकले होते. मी ‘लळा’ खोडून ‘माया’ लिहिलं.

“माया नको, मॅडम,” तो म्हणाला. बाकी कशालाच त्यानं हरकत घेतली नव्हती.

“का?”

“आमच्याकडे माया म्हणजे सोडायची गोष्ट. साधूलोक म्हणतात ना, मोहमाया. म्हातारा सोडत नाही ना?”

“इथं माया म्हणजे प्रेमच. आणि तुमच्या त्या एका शब्दासाठी मी कारखान्याचं नाटक बुडवणार नाही. माया म्हणा.”

“ठीक आहे,” तो म्हणाला आणि कडीचा स्क्रू फिरवायला लागला. त्याचं ‘ठीक आहे’ मला पटलं नव्हतं. पण मी ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत नव्हते.

प्रयोग दुपारी एकचा होता. पहिल्या रांगेत तीन परीक्षक, त्यांच्यामागे देवस्थळीसाहेब, मागच्या बाजूला आमचे लोक आणि दुसऱ्या कारखान्यांतले टवाळखोर. मी विंगेत संहिता घेऊन प्रॉम्प्टिंगला. पहिली दहा मिनिटं मी रामधनीच्या तोंडाकडे बघत होते. मग विसरले. त्या माणसानं दाराची चौकट अशी हातानं चाचपली, की ते दार आम्ही प्लायवुडचं केलंय हे मलाच आठवेना. माइकची गरजच नव्हती. वर बघितलं तेव्हा शेवटच्या रांगेतल्या माणसांनीही माना वर केल्या.

आव्हाड कागद घेऊन पुढे आला. त्यानं साहेब झकास उभा केला होता, थेट देवस्थळींसारखा, खुर्ची पुसून बसणारा. “सरकार पक्कं घर देतंय, म्हातारबा. या पडक्या भिंतींत तुमचं आहे तरी काय?”

रामधनी थांबला. स्क्रू फिरवणारा हात थांबला.

“माया,” मी विंगेतून कुजबुजले.

त्यानं अंगठ्यानं कडी पुसली.

“माया!” मी जरा मोठ्यानं म्हटलं. घणावरच्या माणसाला प्रॉम्प्टिंग ऐकू येत नाही, असं सगळे म्हणायचे. पण त्याला ते ऐकू आलं होतं. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि हळूच मान हलवली. नाही.

“लला आहे, साहेब,” तो म्हणाला.

मागून एकजण फिस्कन हसला. मग चारजण हसले. आणि एक आवाज आला, “लळा म्हण, भैया! लळा!”

आता हसू सगळीकडे पसरायला लागलं. पडदा पाडावा की काय, असं वाटलं. रामधनीनं कडी एकदा लावून बघितली, काढली आणि आवाज आला त्या दिशेला तोंड करून, अगदी शांतपणे, पुन्हा म्हणाला, “लला.”

पुढचं वाक्य आव्हाडचं होतं. ‘आमच्या फॉर्मात मायेला रकाना नाही, म्हातारबा. आणि पाणी कोणासाठी थांबत नाही.’ आव्हाडनं हातातला कागद खाली घेतला. तो हसणाऱ्यांकडे बघत होता. मग त्याची नजर पहिल्या रांगांवरून फिरली आणि परीक्षकांच्या मागे, देवस्थळीसाहेबांवर येऊन थांबली. एक वर्ष घोकून कमावलेला ण त्याच्याजवळ होता. मी जिवाच्या आकांतानं देव आठवत होते.

“आमच्या फॉर्मात लल्याला रकाना नाही, म्हातारबा,” आव्हाड म्हणाला. एकेक शब्द ठोकून. “आन् पानी कोनासाठी थांबत नाही.”

पुन्हा कुणीही हसलं नाही. रामधनीनं शेवटचा स्क्रू पिळला, दार लावलं, कडी घातली. तिचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला आणि पडदा पडला.

मी मेकअपच्या खोलीत गेले ती भांडायलाच. “माया होतं! माया! आणि ळ येतो तुम्हाला आता! म्हणायचंच होतं, तर नीट लळा तरी म्हणायचं!”

“येतो,” तो पांढरी मिशी काढत म्हणाला. “लळा. बघा. पण तो माझा शब्द नाही ना.”

“म्हणजे?”

“मी सातपूर गावात खोली घेतला तेव्हा मुलगी दीड वर्षाची होती. घरमालकाचा पोरगा म्हणाला, बाहेरचे लोक नको, खोली खाली करा. सामान बाहेर काढला. म्हातारी मालकीण आली, मुलगी कडेवर घेतली आणि पोराला म्हणाली, हिचा लला आहे मला. कोणी जायचं नाही.” रामधनी मिशीकडे बघत होता. “आमच्या गावाकडे लला म्हणजे लाडका लेकरू. आई बोलते ना पालण्यात, माझा लला. मी समजलो, म्हातारी बोलते, ही पोरगी माझं लेकरू. म्हणून राहिलो. कितीतरी वर्षांनी समजला, ती काही दुसरा बोलली होती.”

“दुसरं नव्हती बोलली,” मी म्हटलं.

दार उघडलं आणि देवस्थळीसाहेब आत आले. “पिंगळेबाई, शब्द दिला होता तुम्ही.”

“तुम्ही म्हणालात, एकही चुकीचा ळ नको,” मी म्हटलं. “एकही आला नाही. ल आला.”

साहेबांचा स्वतःचाच शब्द होता, आणि शब्दाचा माणूस तो. ते तसेच परत फिरले. मी संहिता उघडली, पर्समधून नापास तुकड्यांवर रेघ मारायची लाल पेन्सिल काढली, ‘माया’ खोडलं आणि वर लिहिलं, ‘लला’.

दुसऱ्या दिवशी निकाल होता. आम्ही सगळे गेलो होतो. मुख्य परीक्षक मनोगत सांगायला उभे राहिले. दिग्दर्शनाबद्दल बोलले, प्रकाशयोजनेबद्दल बोलले आणि मग आमच्याकडे वळले. “‘कडी’ हे नाटक चांगलं असूनही आम्ही त्याला बाजूला ठेवलं. दोन पात्रांचे उच्चार सदोष आहेत. ऐन मोक्याच्या जागी ‘लळा’सारख्या सुंदर मराठी शब्दाचा बळी गेला. हे अक्षम्य आहे.”

मी उभी राहिले. पुढच्या रांगेतून देवस्थळीसाहेब मागे वळून म्हणाले, “बसा खाली!” मी बसले नाही.

“सर, उच्चार सदोष नाही. संहितेत ‘लला’च आहे.” मी वही उंच धरली. “मी लिहिलंय. नटानं लिहिलं तसं म्हटलं.”

परीक्षकांनी चष्मा वर केला. “बाई, असा शब्द मराठीत नाही.”

“आहे.”

“मी चाळीस वर्षं मराठी शिकवतोय. मला सांगा, कधी आला हा शब्द मराठीत?”

मी वही आणखी उंच धरली. आणि तेवढ्यात शेवटच्या रांगेतून, घणाच्या आवाजात, सबंध सभागृहाला ऐकू गेलं.

“काळ आळा, साहेब!”

पहिल्यांदा आव्हाड फुटला. मग शकिला, मग आमचे लोक आणि मग सगळं सभागृह. काल टवाळी करणारेसुद्धा बाक बडवत होते. देवस्थळीसाहेब कपाळाला हात लावून बसले होते, आणि थोड्या वेळानं त्यांचेही खांदे हलायला लागले. आम्हाला त्या वर्षी काहीसुद्धा मिळालं नाही. कारखान्याचं नाटक मात्र पुढच्या वर्षीही झालं, त्याच्या पुढच्या वर्षीही झालं.

रामधनी ते मुद्दाम म्हणाला की चुकून, हे मी त्याला कधी विचारलं नाही. पण तपासणीवाली बाई म्हणून एवढं सांगते, दोन्ही ळ अगदी शुद्ध होते.